पहिला कॅमेरा घेताना

बारसं, साखरपुड्याचे फोटो काढून चार पैसे मिळवावेत, म्हणून कॅमेऱ्यासाठी गटाकडे कर्ज मागणाऱ्या मुली आता पुढे येतायत. छानच आहे. पण हप्ता कमाईतून फिटला पाहिजे.

दुकानात आधी मेगापिक्सेल दाखवतात. ८ बाय १२ इंची फोटो स्वच्छ छापायला ९ मेगापिक्सेल पुरतात. त्यामुळे वापरलेला डीएसएलआरही चालेल. वाचलेल्या पैशांत त्यावर बसणारी ५० एमएम, १.८ ची लेन्स घ्या. सोबतच्या १८-५५ लेन्सपेक्षा ती कितीतरी जास्त उजेड आत घेते, घरातल्या कार्यक्रमात तेच लागतं.

घेताना शटर किती वेळा वापरलंय ते विचारा. लेन्स उजेडाकडे धरून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी, घेऊ नका. त्या मॉडेलची बॅटरी बाजारात मिळते ना, बघा. पावती घ्याच. पावसाळ्यात कॅमेरा हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

आणि अर्जाआधी महिनाभर मोबाइलवर फोटो काढा, ओळखीत दाखवा. पैसे देऊन कुणी दोन कामं सांगितली, की खुशाल अर्ज करा.