ढेकळाआडची तीरचिमणी

वसमतचे नाव निघाले की माणूस हळदीविषयी बोलतो. बोलावेच, २०२४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण हळद काढून रिकाम्या झालेल्या वावरात सकाळी जरा उभे राहा. एखादे ढेकूळ तुरुतुरु पळू लागेल! ती तीरचिमणी.

आपण तिला साधी चिमणी समजून पुढे जातो. वास्तविक ती चिमणीच्या गोतातली नव्हेच. पाण्याकाठी शेपटी हलवीत हिंडणाऱ्या परिटाच्या कुळातली. अंग सडपातळ, मातकट, वर गडद रेघा. चिमणी टुणटुण उड्या मारते, ही पावले टाकीत पळते, थांबते, शेपटी खालीवर करते. उडाली की शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्या दिसतात. गुरुजींनी मुलांना एवढ्या खुणा दाखवल्या तरी पुष्कळ झाले. चंडोलाशी घोटाळा होतो खरा, पण चंडोल अंगाने भरलेला असतो.

बारा महिने इथेच राहते ती धान तीरचिमणी. हिवाळ्यात उत्तरेकडून तिच्या बहिणी येतात, मातकट तीरचिमणी, वृक्ष तीरचिमणी, आणि ऊन तापू लागले की निघून जातात. वसमत निजामाच्या राज्यात होते तेव्हा, १९३१-३२ साली, सलीम अलींनी त्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली होती. शाळेने आपल्या शिवारापुरती तशी एक वही ठेवायला काय हरकत आहे?

आता मुद्द्याचे. हिचे घरटे झाडावर नसते, जमिनीवर असते. गवताच्या थोंबाखाली, ढेकळाच्या आडोशाला, कधी तर बैलाच्या खुराने पडलेल्या खळग्यात. आत तीन-चार अंडी. विणीचा काळ साधारण फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे नेमका आपण धुरा पेटवतो तोही, आणि निंदणी-कोळपणी करतो तोही. पिल्लांना पळता येत नाही. आई पंख मोडल्याचे सोंग करून कुत्र्याला लांब नेते. आगीपुढे मात्र हे सोंग चालत नाही.

तुम्ही म्हणाल, एका पाखरापायी धुरा साफ करायचा नाही काय? करा की! पण काडी ओढण्याऐवजी विळा लावा, कापलेले गवत गुरांनाही होईल. निंदताना पायाजवळून पाखरू उडाले आणि लंगडत पुढे जाऊ लागले, तर समजा घरटे इथेच आहे. तेवढी हातभर जागा सोडा. अंड्यांपासून पिल्ले बाहेर पडेपर्यंत तीन-चार आठवड्यांचा काय तो प्रश्न. पाच-सात पावलांवर एक खुणेची काठी रोवा. अगदी जवळ नको, बरं का, कावळा मोठा चौकस असतो.

तिचे खाणे म्हणजे भुंगे, अळ्या, वाळवी, बारीक गोगलगाई. तेव्हा फवारा मारलेल्या वावरात ती जे टिपते, ते पिल्लांच्याही चोचीत जाते.

वळवाचा पाऊस पडून गेला की पडीक वावरावर कान द्या. ती वर चढते आणि खाली उतरताना ‘चिप्-चिप्-चिप्’ असा एकच सूर लावते. गाणे म्हणाल तर फार गोड नाही. चंडोलापुढे टिकायचेही नाही. पण ते चालू आहे तोवर, समजा, त्या धुऱ्यावर कुठेतरी घरटे आहे.