सुराचे घर कुठले? – भास्कर चंदावरकर यांच्या कामाविषयी



आज मी एका संगीतकाराविषयी बोलणार आहे; पण सुरुवात स्वतःच्या एका चुकीपासून करतो. ती चूक होती हे मला या संगीतकाराच्या कामामुळेच उमजले.

कॉलेजात असताना मी मामाकडून टेपरेकॉर्डर मागून आणला आणि शहापुरातल्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या टेप करायला बसलो. आत्याला खुर्चीवर बसवले, समोर यंत्र ठेवले. दोन ओव्या म्हणून ती अडली. म्हणाली, "हात रिकामा असला की आठवत नाही रे." मग तिने कोपऱ्यातले जाते पुसून घेतले, पसाभर जोंधळे घातले आणि जोडीला शेजारच्या अक्कांना हाक मारली. जाते फिरू लागले तशा ओव्या येऊ लागल्या. आत्याची एक झाली की अक्का त्याच चालीवर कन्नडमध्ये एक म्हणत. मला हव्या होत्या मराठी ओव्या, आणि कॅसेट स्वस्त नव्हती. अक्कांनी तोंड उघडले की मी बटण दाबून टेप थांबवत होतो. ती कॅसेट माझ्याकडे अजून आहे. दर ओवीनंतर तीत एक खटका ऐकू येतो. त्या खटक्याच्या जागी अक्का होत्या. आज दोघीही नाहीत.

पुढे काही वर्षांनी गिरीश कार्नाड यांचा 'ओंदानोंदु कालदल्लि' हा १९७८ चा कन्नड चित्रपट पाहिला. श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव होते भास्कर चंदावरकर. 'घाशीराम'चे चंदावरकर इथे कसे, असा प्रश्न मला पडला आणि तेव्हापासून मी त्यांचे काम शोधून ऐकू लागलो.

चंदावरकरांचा जन्म १९३६ चा, पुण्याचा. आडनाव मात्र उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या चंदावर या गावावरून आलेले. आपल्यापैकी कितीतरी घरांची कथा अशीच आहे: आडनावातले गाव एका प्रांतात, चूल दुसऱ्या प्रांतात. त्यांनी पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकली. नुसते मैफलीचे सतारिये होऊन राहिले असते तरी नाव झाले असते; पण त्यांना कुतूहल होते ते माणसे कशासाठी गातात आणि वाजवतात याचे. १९६५ पासून सुमारे पंधरा वर्षे त्यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संगीत शिकवले. विद्यार्थी दिग्दर्शक होणारे, कॅमेरा चालवणारे, संकलन करणारे. त्यांना गवई करायचे नव्हते, त्यांचे कान तयार करायचे होते. भारतीय चित्रपटसंगीताच्या परंपरेवर त्यांनी लेख लिहिले, आणि वाद्यांविषयीचे त्यांचे लेखन 'वाद्यवेध' या पुस्तकात वाचायला मिळते.

हा अभ्यास आणि चाल बांधण्याचे काम यांचा संबंध कसा येतो, ते 'घाशीराम कोतवाल'मध्ये स्पष्ट दिसते. विजय तेंडुलकरांचे हे नाटक जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली १९७२ च्या डिसेंबरात पुण्यात रंगभूमीवर आले. संगीत चंदावरकरांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. रंगमंचावर माणसांची भिंत उभी राहते, डोलते, गाते. त्या गाण्यांत अभंगाचे वळण आहे, कीर्तनाचे आहे आणि लावणीचेही. यातली एकही वस्तू प्रेक्षकाला नवी नव्हती. कीर्तन देवळात ऐकलेले, लावणी फडावर. पण इथे कीर्तनाला लागूनच लावणी येते, आणि ज्या तोंडांतून देवाचे नाव निघते तीच तोंडे समोरचा अन्याय गिळून टाकतात. भजनाचा गोडवा जसाच्या तसा राहतो आणि नेमका म्हणूनच अंगावर काटा येतो. ही किमया साधायला प्रत्येक चालीचे मूळ घर ठाऊक असावे लागते: ती कोण म्हणतो, कुठे म्हणतो, ऐकणारा तेव्हा हात जोडून बसलेला असतो की फेटा उडवतो. घर ठाऊक असेल तरच चालीला घराबाहेर काढून तिच्याकडून काही वदवून घेता येते. एरवी लोकसंगीत म्हणजे वरून भुरभुरलेली कोथिंबीर.

पडद्यावरचे काम आणखी वेगळे. चित्रपटाची पट्टी सेकंदाला २४ चौकटींनी धावते. पार्श्वसंगीत देणारा संकलित चित्र पुन्हा पुन्हा पाहतो, सूर कुठे शिरणार आणि कुठे बाहेर पडणार याचे सेकंद मोजतो. त्या सेकंदांत आधीच पुष्कळ काही वाजत असते: पात्राचा आवाज, पावले, दाराची कडी, पाऊस. संगीतकाराला या सगळ्यांमध्ये जागा मागून घ्यावी लागते, आणि जागा नसेल तर गप्प बसावे लागते.

ही शिस्त घेऊन चंदावरकर भाषांच्या सीमा ओलांडत गेले. मराठीत 'सामना', हिंदीत कुमार शहानींचा 'मायादर्पण' आणि मृणाल सेन यांचा 'खंडहर', कन्नडमध्ये 'वंशवृक्ष', मल्याळममध्ये के. जी. जॉर्ज यांचा 'स्वप्नादनम', ओडियात नीरद महापात्र यांचा 'मायामृग', बंगालीत अपर्णा सेन यांचा 'परमा'. पुण्यातल्या एका माणसाला एवढ्या ठिकाणच्या दिग्दर्शकांनी बोलावले. 'सामना'तला साखर कारखान्याचा मुलूख आणि 'खंडहर'मधला पडका वाडा लागोपाठ पाहा. एका माणसाची ठरीव सही दोन्हींवर सापडत नाही. पाहुण्याने यजमानाच्या घरी त्यांच्या चालीरीतीने वागावे, तसे हे वागणे आहे. असे वागण्यासाठी आपलेपण सोडावे लागत नाही, कान मात्र मोठा ठेवावा लागतो.

'श्वास' तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. २००३ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. कोकणातला लहान मुलगा, डोळ्यांचा कर्करोग, शस्त्रक्रियेनंतर दृष्टी जाणार हे ठरलेले. आजोबा त्याआधी नातवाला रुग्णालयाबाहेर नेऊन जग दाखवतात. संगीत चंदावरकरांचे. अशा कथेवर व्हायोलिनांचा महापूर सोडणे किती सोपे होते! आज तो चित्रपट पाहताना मी डोळे मिटून थोडा वेळ नुसता ऐकतो. यापुढे त्या मुलाला गाव असेच भेटणार आहे, कानांनी.

२६ जुलै २००९ रोजी चंदावरकर पुण्यात वारले.

आता पुन्हा माझ्या कॅसेटकडे येतो. मी आत्याला खुर्चीवर बसवले, म्हणजे चालीला तिच्या घरातून उचलले. आणि अक्कांच्या वेळी बटण दाबले, म्हणजे त्या घरातले अर्धे माणूस बाहेर काढले. आत्याची ओवी जात्याची होती, जोंधळ्याची होती आणि तितकीच अक्कांच्या जोडीची होती. मी भाषा जपायला गेलो आणि गाणे कापून आलो.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गाणारीचे नाव आणि गाव यांसह त्या आज वाचायला, ऐकायला मिळतात. एवढे मोठे काम आपल्याकडून होणार नाही. पण बेळगावात, इंदुरात, बडोद्यात, फोंड्यात आपल्या प्रत्येक घरी डोहाळ्यांची, पाळण्याची, मंगळागौरीची गाणी येणारे कोणीतरी अजून आहे. हातातल्या फोनवर ती टिपायला आज पैसेही पडत नाहीत. टिपाल तेव्हा त्यांना खुर्चीवर बसवू नका. पाळण्याचे गाणे पाळण्याशी म्हणू द्या. कोण गाते, कुणाकडून शिकली, कोणत्या कामाच्या वेळी, हे आधी विचारून घ्या. मध्ये कुकरची शिट्टी झाली तर होऊ द्या. आणि शेजारीण गुजरातीत, माळवीत, कन्नडमध्ये किंवा कोंकणीत सूर मिळवू लागली, तर तेवढे करा: बटणाला हात लावू नका.