धावपट्टी आणि अनुशेष

(अकोला येथील अभियंत्यांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषणातून)



अकोल्यात अध्यक्ष म्हणून उभं राहायचं आणि शिवणी विमानतळाच्या धावपट्टीबद्दल गप्प बसायचं, हे तुम्ही खपवून घेणार नाही. पट्टी १९४३ची, लांबी जेमतेम १४०० मीटर. वाढवायची तर शेजारची जमीन लागते, आणि या जमिनीची फाइल आपल्यातल्या कित्येकांच्या सेवानिवृत्तीनंतरही नोकरीत आहे! दरम्यान अमरावतीजवळ बेलोऱ्याची पट्टी १८५० मीटर झाली आणि १६ एप्रिल २०२५ला तिथून मुंबईचं विमान उडालं. अकोलेकरांना लागलं. लागणारच.

पण अभियंत्याने रुसू नये, मोजावं. प्रश्न आहे मोजपट्टीचा.

१९५३च्या नागपूर कराराने राज्याच्या विभागांना लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचं आश्वासन दिलं. १९८४च्या दांडेकर समितीने राज्याची सरासरी धरली. जिल्हा तिच्या जितका खाली, तितका त्याचा अनुशेष. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य सगळं मोजलं, आणि एकूण आकडा निघाला ३,१८६ कोटींचा. विमानतळ त्या यादीत नव्हता. आज मात्र मोठ्यात मोठ्या रकमा या यादीबाहेरच्या कामांवर जातात, आणि तिथे अनुशेष मोजायला कुणी बसलेलं नाही.

नवी मुंबईचं उदाहरण घ्या. तिथल्या विमानतळात खासगी भांडवल ७४ टक्के, सिडको २६ टक्के. प्रवासी आहेत म्हणून भांडवल आपल्या पायांनी आलं. हे चांगलंच आहे. पण भोवतालचे पूल, मेट्रो, रस्ते यांना सरकारी तिजोरी लागते. अटल सेतू एकट्या विमानतळासाठी बांधला नाही, हे मान्य. त्याचा लाभ मात्र विमानतळाला आहेच. माझं म्हणणं एवढंच : खासगी पैसा जिथे स्वतःहून जातो, तिथे सरकारी पैशाने मागच्या रांगेत उभं राहावं. तो जिथे फिरकत नाही, तिथे पुढे व्हावं.

याचा अर्थ जिल्हा तिथे विमानतळ, असा घेऊ नका. लातूरला धावपट्टी आहे, पण नियमित विमानाची वाट तिने वर्षानुवर्षे पाहिली. सिंधुदुर्गात चिपीचं मुंबई विमान २०२१मध्ये थाटात सुरू झालं, आणि 'उडान' योजनेतलं तीन वर्षांचं अर्थसाहाय्य संपल्यावर थांबलं. फीत कापायला एक दिवस पुरतो. विमान रोज उडायला प्रवासी लागतात, आणि प्रवासी तयार व्हायला उद्योग, बाजार, कॉलेज, दवाखाने लागतात. बांधकामाचा अनुशेष भरला आणि सेवेचा तसाच राहिला, तर आपण फक्त काँक्रीट ओतलं.

म्हणून मोजायचंच असेल, तर वेळ मोजा. अकोटच्या किंवा तेल्हाऱ्याच्या माणसाला विमानापर्यंत, मोठ्या रुग्णालयापर्यंत, बाजारापर्यंत किती तास लागतात? प्रादेशिक असमतोलावरच्या केळकर समितीने जिल्ह्याऐवजी तालुका हा घटक धरायला सांगितलं, ते याचसाठी. जिल्ह्याच्या सरासरीत तालुका बुडून जातो. आणि याच जिल्ह्यात पूर्णेकाठचा खारपाणपट्टा आहे. तिथल्या माऊलीला गोडं पाणी हवं आहे. धावपट्टी आणि ते पाणी एकाच तक्त्यात, शेजारी शेजारी मांडायची हिंमत आपण दाखवली पाहिजे. फक्त अट एक : असा तक्ता मुंबई-पुण्याच्या प्रकल्पांनाही लागू व्हावा. 'दोन्हींपैकी एक निवडा' हे नेहमी मागासलेल्यानेच का ऐकावं?

कौशल्य कमी पडतं, असं तर कुणी म्हणूच नये. २०२२मध्ये याच अमरावती-अकोला मार्गावर एका मार्गिकेत ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तासांत पडला, जागतिक विक्रम झाला. डांबर तासांत पडतं, फाइल दशकं घेते.

तेव्हा या संमेलनाने एक ठराव करावा, अशी विनंती आहे. मोठ्या प्रकल्पाच्या प्रत्येक अहवालात दोन पानं सक्तीची हवीत : कोणता तालुका किती मिनिटांनी जवळ येणार, आणि पहिल्या दहा वर्षांचा चालवण्याचा खर्च कोण देणार. ती दोन पानं भरली, की शिवणीचा निकाल आपल्या बाजूने लागो वा विरुद्ध, मी तो मान्य करीन. कारण तो मोजून लागलेला असेल.