नाडी तपासा, गोळी सोडू नका
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील व्याख्यान)



शाळेच्या मेळाव्यात हृदयरोगाचा विषय कशाला, असे आपणांस वाटेल. पण ज्या विकाराविषयी मी बोलणार आहे, त्याचे मूळ आपल्याकडे पुष्कळदा शालेय वयातच रुजते.

निरोगी हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ६० ते १०० ठोके ठरलेल्या तालात देते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे दोन कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि नाडीचा ताल सुटतो. कुणाला धडधडते, कुणाला दम लागतो. कुणाला काहीच जाणवत नाही.

आपल्या खुलताबादेत चिरनिद्रा घेणाऱ्या मलिक अंबर यांनी खडकी शहराला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहरीने पाणी दिले. नहरीचे पाणी वाहते राहिले तर ठीक; थांबले की गाळ साचतो. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्तही असेच साचते आणि त्याची गुठळी होते. ती मेंदूत गेली की लकवा! या रुग्णांत हा धोका सुमारे पाचपट असतो.

उतारवय, रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड ही याची कारणे आहेतच. परंतु तरुणांत ऱ्हुमॅटिक तापाने खराब झालेली हृदयाची झडप हे मोठे कारण आहे. मुलाचा घसा दुखतो, काही आठवड्यांनी ताप येऊन सांधे सुजतात, आणि आपण तेल चोळून गप्प बसतो. शिक्षकांनो, असे मूल दिसले तर पालकांना बोलवा, डॉक्टरांकडे धाडा. दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे न चुकता घेतले, तर हृदयाचे पुढचे नुकसान बहुधा टळते.

विकार जडलाच, तर बहुतेकांना रक्ताची गुठळी न होऊ देणारी गोळी घ्यावी लागते. झडप आकुंचलेली असेल तर वॉरफरीन हीच गोळी, तिच्यासाठी आय.एन.आर. ही रक्ततपासणी वेळोवेळी हवी. मेथी-पालक खा, पण प्रमाण एकसारखे ठेवा. दुखण्यावरची गोळी किंवा काढा विचारल्याशिवाय घेऊ नका.

दोन गोष्टी स्पष्ट बोलतो. रमजानमध्ये गोळी परस्पर बंद करू नका. इफ्तार किंवा सहरीची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. दुसरे, लग्न जमवताना मुलीचा आजार लपवू नका. सासरी लपवलेली गोळी सुटते आणि तिच्या जिवावर बेतते. वॉरफरीन गर्भालाही अपाय करू शकते, म्हणून दिवस राहण्याआधीच डॉक्टरांचा सल्ला हवा.

तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर मालिश करत बसू नका. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. १०८ ला फोन करून ताबडतोब मोठे रुग्णालय गाठा.

आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांच्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. ताल चुकत असेल तर ईसीजी काढून घ्या. विद्यार्थी मित्रहो, हा अभ्यास मी तुमच्यावर सोपवतो. खुदा हाफिज.