रिकाम्या रकान्याचा मालक



नगर जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांतून आलेल्या पत्रकारांच्या या मेळाव्याचा मी अध्यक्ष. संयोजकांनी विषय दिला आहे, ‘चीनची माध्यमे आणि विकसनशील देशांतील पत्रकारिता’. प्रथेप्रमाणे आढावा घेतो. चीनच्या सरकारी रेडिओने 2006 मध्ये नैरोबीत एफएम केंद्र उघडले. 2012 मध्ये त्याच शहरात सीसीटीव्ही या चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीचे आफ्रिका केंद्र आले. शिन्हुआ ही सरकारी वृत्तसंस्था गरीब देशांतल्या वृत्तपत्रांना स्वस्तात, कधी फुकटही मजकूर पुरवते. तिथल्या पत्रकारांना बीजिंगमध्ये महिनोन्‌महिने राहण्यासाठी पाठ्यवृत्त्या मिळतात. दक्षिण आफ्रिकेत इंडिपेंडंट मीडिया या समूहात चिनी भांडवल शिरले. 2018 मध्ये पत्रकार आझाद एसा यांनी त्याच समूहाच्या वृत्तपत्रांत चीनमधल्या उइगर मुसलमानांच्या छळाविषयी लिहिले आणि त्यांचा स्तंभ बंद झाला. आढावा संपला. आता जे बोलायला आलोय ते बोलतो.

सकाळच्या परिसंवादात दोन तट पडले. एक म्हणाला, चीनकडून येणारा हा मजकूर बंद करा. दुसरा म्हणाला, आपला वाचक शहाणा आहे, तो भुलत नाही. दोघांपैकी कुणी रात्रपाळीत पान लावलेले दिसत नाही.

2013 च्या दुष्काळात मी एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. पाथर्डीकडच्या चारा छावणीची बातमी यायची होती. आमचा तिथला वार्ताहर बिनपगारी. जाहिरातीच्या कमिशनवर जगणारा. त्याच दिवशी त्याला कारखान्याच्या पुरवणीच्या जाहिराती गोळा करायला पिटाळले होते, छावणीवर जाणार कोण? साडेअकरा वाजले, पान सोडायची वेळ झाली आणि तीन रकाने मोकळे. परदेशातून आलेला एक लेख तयार होता, फोटोसकट, फुकट: चीनची वेगवान रेल्वे. लागला. सकाळी दावणीला जनावरे बांधून बसलेल्या माणसाने आमच्या अंकात ती रेल्वे वाचली. कुणीही भुलला नाही, हे मान्य. पण छावणीत चारा किती आला आणि किती मुरला, हे कुणाला कळलेही नाही. नुकसान तिथे झाले.

परका पैसा नगरला नवा नाही. 1842 मध्ये अमेरिकन मिशनने ‘ज्ञानोदय’ इथेच सुरू केला. तो कुणाचा, कशासाठी, हे अंक हातात घेणाऱ्याला ठाऊक असे. म्हणून त्याच्याशी भांडताही येई. आणि याच जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ चालवला. 1910 पासून अर्धशतकाहून जास्त काळ. रस्ते नाहीत, वीज नाही, आणि खेड्यातला छापखाना! आज आपल्याकडे ऑफसेट आहे, मोबाईल आहे, आणि शेवगावच्या बातमीला माणूस नाही.

चीनविषयी तरी आपण काय जाणतो? 2023 च्या जूनमध्ये पीटीआय या भारतीय वृत्तसंस्थेच्या प्रतिनिधीला चीनने देश सोडायला सांगितले. तिथे उरलेला तो शेवटचा भारतीय बातमीदार होता. (आपणही त्यांच्या बातमीदारांचे व्हिसा अडवले होते, हेही सांगितले पाहिजे.) मग बीजिंगची बातमी आपण कुणाकडून घेणार? शिन्हुआकडून, नाहीतर लंडन-न्यूयॉर्कच्या चष्म्यातून.

बाहेरून आलेल्या मजकुराची नोंद ठेवणारी एखादी समिती नेमावी, तालुका वार्ताहरांसाठी काही निधी उभारावा, असे मनात आहे. तपशील कार्यकारिणी ठरवील.

समोर बसलेल्या मालक-संपादकांना मात्र माझे आजच सांगणे आहे. फुकट आलेला मजकूर छापायचाच असेल, तर तो कुणी पाठवला हे त्याच्या डोक्यावर ठळक छापा. आणि या महिन्यापासून तालुक्याच्या वार्ताहराला पगार द्या. जाहिराती गोळा करायला दुसरा माणूस नेमा.