लाज कशाची होती?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी आम्हा वक्त्यांना एकच सूचना दिली होती. शाळेत असताना ज्याबद्दल कधी तोंड उघडलं नाही, त्याबद्दल आज बोला. माझ्या आधी कोणी गणिताच्या भीतीबद्दल बोललं, कोणी मनातच राहिलेल्या प्रेमाबद्दल. मी माझ्या धर्माबद्दल बोलणार आहे. घाबरू नका, प्रवचन नाही. जेवणाची वेळ मलाही माहीत आहे.

मी ख्रिस्ती आहे हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक होतं. पण ते मी स्वतःहून सांगितल्याचं कोणाला आठवतं का? आडनाव चारचौघांसारखं, घरची बोली अहिराणी, रंग आपल्या काळ्या मातीचा. न सांगताही खपून जायचं. कोणी विचारलंच तर उत्तर देताना माझा आवाज खाली यायचा. मला कोणी मारलं नाही, वर्गाबाहेर काढलं नाही. फक्त प्रश्न यायचे. "तुम्ही घरात इंग्रजी बोलता का रे?" "तुमचा देव परदेशातला ना?" "नाताळला तुमच्याकडे केक असतो ना?"

केक! मित्रहो, नाताळ येतो डिसेंबरात. म्हणजे आपल्याकडे भरिताच्या वांग्यांचा ऐन हंगाम. आमच्या घरी नाताळची उपासना झाली की काट्यांवर वांगी भाजली जायची, कळण्याच्या पुऱ्या तळल्या जायच्या आणि फराळाला करंज्या-चकल्या असायच्या. केक मी पहिल्यांदा खाल्ला तो एका हिंदू मित्राच्या वाढदिवसाला.

तर लाज कशाची होती? ख्रिस्ताची नव्हती. संध्याकाळी आजीबरोबर प्रार्थनेला बसायला मला आवडायचं. लाज होती ती परकं ठरण्याची. आपण या गावचे, या मातीचे नाही असं कोणी म्हणेल, ही धास्ती होती. महाराष्ट्रात शंभरात जेमतेम एक माणूस ख्रिस्ती. जळगाव जिल्ह्यात त्याहूनही खूप कमी. एवढ्या थोड्या माणसांना 'आम्ही इथलेच' असं मोठ्यानं म्हणायचं असलं, तर हातात काहीतरी पुरावा लागतो.

तो पुरावा मराठीच्या पुस्तकात होता आणि आपल्या सगळ्यांच्या दप्तरात होता. 'केवढे हे क्रौर्य' ही कविता आठवते? शिकाऱ्यानं जखमी केलेल्या पक्षिणीची? ती वाचून डोळे पुसणारे आज इथे बसले आहेत. कवीच्या नावाआधी 'रे.' असं लिहिलेलं असायचं. आपल्याला वाटायचं, हे आद्याक्षर असेल. 'रे.' म्हणजे रेव्हरंड, ख्रिस्ती धर्मोपदेशक. नारायण वामन टिळक. जन्म १८६१, कोकणातला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते सांगत. चर्चमध्ये इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गाणी गायली जात, तिथे त्यांनी भजन आणि कीर्तन आणलं. आमच्या 'उपासना संगीता'त आजही त्यांची पदं आहेत आणि रविवारी आम्ही ती टाळांवर म्हणतो. पुढे १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांच्या वाट्याला काय आलं असेल, त्याची कल्पना करा. काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांकडे राहिल्या. परत आल्यावरही सोवळं पाळत राहिल्या. मग हळूहळू त्यांची खात्री पटली की जातिभेद माणसानंच केलेला आहे. आधी त्यांनी जात सोडली आणि मग १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. शाळेचं शिक्षण जवळपास नाही, आणि या बाईनं 'स्मृतिचित्रे' लिहिली! त्यात त्या स्वतःवर हसतात, नवऱ्यावर हसतात, पण आपण जे आहोत त्याबद्दल कुठेही मान खाली घालत नाहीत. नवऱ्याचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन'ही बहुतांशी त्यांनीच पुरं केलं.

आता म्हणाल, हे सगळं नगरकडचं, आपल्या खानदेशाचा काय संबंध? संबंध असा, की १९०७ मध्ये आपल्या जळगावला पहिलं मराठी कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कीर्तिकर. तिथे धरणगावला जन्मलेला एक सतरा वर्षांचा मुलगा कविता म्हणायला उभा राहिला. त्र्यंबक बापूजी ठोमरे. त्याच संमेलनात त्याला 'बालकवी' हे नाव मिळालं. टिळक तिथे होते. त्यांनी या मुलाला नगरला आपल्या घरी नेलं आणि लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. ख्रिस्ती पाळकाच्या घरात राहिला, जेवला, कविता लिहिल्या, आणि ठोमरे हिंदूच राहिला. त्याला कोणी बाटवलं नाही आणि टिळकांचं घरही बाटलं नाही. १९१८ मध्ये भादलीजवळ रेल्वेखाली त्याचा अंत झाला. भादली स्टेशनवरून जाताना आपल्याला बालकवी आठवतात. मला त्यांच्याबरोबर लक्ष्मीबाईही आठवतात. खानदेशच्या लाडक्या कवीला एका ख्रिस्ती घरानं माया दिली, एवढं कळलं आणि 'परका' या शब्दाची माझी भीती गेली.

पण मित्रहो, इथे थांबलो तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. टिळक ब्राह्मण होते. पंडिता रमाबाईही उच्चवर्णीयच. त्यांची नावं घेतली की समोरचा माणूस आदरानं ऐकतो. माझे पणजोबा त्यांच्यातले नव्हते. ते गावकुसाबाहेरचे. पूर्व खानदेशात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे लोक आले, पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे आले. त्यांच्याकडे गेलेल्यांत पुष्कळ जण आमच्यासारखे होते, आणि नवापूरकडे भिल्ल-मावची बांधव होते. त्यामुळे आमची लाज दुहेरी होती. ख्रिस्ती म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग आधीचे कोण?" धर्म लपवताना आम्ही खरं म्हणजे ते 'आधीचे कोण' लपवत होतो.

याला कायद्याचीही एक बाजू आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती सुरुवातीला हिंदूंनाच होत्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेला दलित अजून बाहेरच आहे. आदिवासींना धर्माची ही अट नाही. त्यामुळे काही घरांत कागदावर एक आणि रविवारी दुसरं, असं चालतं. मी त्यांना नावं ठेवणार नाही. लेकराची फी भरताना ज्याचा जीव मेटाकुटीला येतो, त्याला निष्ठेचे धडे देणं फार सोपं असतं.

या दुसऱ्या लाजेवर मला पुस्तकात उत्तर मिळालं नाही. ते आजीनं दिलं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण शास्त्रातल्या गोष्टी तोंडपाठ. एकदा पाहुण्यांसमोर मी चर्चचा विषय टाळला. ते गेल्यावर तिनं मला विचारलं, "देव काय चोरी करीसन आणेल से का? मंग दपाडस कसाले?" आणि मग पणजोबांबद्दल सांगितलं. ज्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नव्हते, त्या गावात त्यांनी पहिल्यांदा आपलं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं. अंगठा द्यायचा ते सही करायला लागले. आजीच्या लेखी धर्मांतर म्हणजे ती सही होती. त्यात लपवण्यासारखं काय होतं? लाज वाटायचीच असेल, तर ती पाणी अडवणाऱ्या रिवाजाला वाटायला हवी होती.

बायबलमध्ये पेत्राची एक गोष्ट आहे. येशूला पकडल्यावर तो अंगणात शेकोटीपाशी बसला होता. लोक म्हणाले, हा त्याच्याबरोबरचाच. तो तीनदा नाही म्हणाला. पण त्याची बोली गालीलची होती आणि बोलीनंच त्याचं बिंग फोडलं. ही गोष्ट ऐकली की मला आपण सगळे आठवतो. बारावीनंतर आपल्यातले किती जण पुण्याला गेले! तिथे खोलीवर अहिराणी आणि कॉलेजात पुस्तकी मराठी. फोनवर आई "काय करी ऱ्हायना?" म्हणाली की आपण कोपऱ्यात जाऊन हळू बोलायचो. तेव्हा तुमची आणि माझी लाज एकच होती. ती गेली कशी? आपली बोली उघड बोलणारी माणसं पाहून गेली. बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांनी अत्र्यांना दाखवली, १९५२ मध्ये पुस्तक निघालं आणि आसोद्याची बोली साऱ्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली. बोली तीच होती. फक्त ती झाकायची गरज उरली नाही.

श्रद्धेचंही तसंच आहे. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. निवडीला विरोध झाला, तरी ते त्या पदावर बसले आणि मराठीतून बोलले. 'सुबोध बायबल' लिहिणारा वसईचा हा माणूस टीव्हीवर पाहताना आमच्या घरात सगळे गप्प झाले होते. ती शांतता फार सुखाची होती.

हे सारं आज सांगण्याचं कारण माझी नात. ती धुळ्याला शिकते. तिच्या शाळेत नाताळ जोरात होतो. लाल टोप्या, सांताक्लॉज, चॉकलेटं, सगळी मुलं नाचतात. मागच्या नाताळला तिनं मला विचारलं, "आजोबा, आपण खरंच चर्चला जातो, हे मैत्रिणींना सांगू का?" टोपी सगळ्यांना चालते. टोपीखालचं डोकं खरोखर प्रार्थनेला वाकतं, हे सांगायला मात्र पोर अजून परवानगी मागते. मी तिला म्हटलं, सांग. आणि नाताळला त्यांना भरीत खायला बोलाव.

तुमच्याकडे माझं मागणं छोटंच आहे. तुमच्या नातवंडांच्या वर्गात असं एखादं मूल असेल. ख्रिस्ती असेल, मुसलमान असेल, नाहीतर पावरा बोलणारं असेल. 'तुम्ही मूळचे कुठले?' हे त्याला विचारू नका. 'तुमच्याकडे सणाला काय करतात?' हे विचारा. त्याचा आवाज आपोआप वर येईल. माझा यायला बरीच वर्षं लागली.

या शाळेनं मला टिळकांची कविता शिकवली. 'रे.' चा अर्थ मी नंतर शोधला, पण तो शोधण्याइतकं मराठी इथेच मिळालं. त्याबद्दल गुरुजनांचे आभार मानतो. पंचवीस डिसेंबरला जळगावात असाल तर घरी या. वांगी आपल्या बामणोदची असतील आणि केक नसेल.