पोरांची शाळा आणि लोकांचे बोल

(साक्षरता वर्गात केलेले भाषण)



दिवसभर रानात राबून तुम्ही रात्री इथे पाटी-पुस्तक घेऊन बसता. मीही असाच मागच्या भिंतीला टेकून बसत होतो. वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा माझे नाव लिहिले. तेव्हा मी कोणी पंडित नव्हे. तुमच्यातलाच एक म्हणून बोलतो.

आजचा विषय घरोघरचा आहे. मुलाला कोणत्या शाळेत घालावे? गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, की तालुक्याच्या खासगी शाळेत? आणि आपण काहीही ठरवले, तरी दुसरे आईबाप बोलतातच. त्या बोलण्याचे काय करावे?

माझीच गोष्ट सांगतो. तीत माझी शोभा नाही. पण तुमच्या उपयोगी पडेल.

मला दोन लेकरे. थोरली मुलगी, धाकटा मुलगा. मुलगी गावच्या शाळेत तिसरीत होती. मुलगा सहा वर्षांचा झाला. त्या साली सोयाबीनला बरा भाव मिळाला. तालुक्याला एक इंग्रजी शाळा निघाली होती. तिची पिवळी गाडी सकाळी सात वाजता फाट्यावर यायची. गाडीतली मुले टाय लावायची. मी मनाशी म्हटले, आपण अडाणी राहिलो. बँकेत गेलो की अंगठा पुढे करावा लागतो. निदान पोरगा तरी साहेब होऊ दे. मी त्याचे नाव तिथे घातले. शाळेच्या फॉर्मवर अंगठा उठवला. फॉर्मवर काय लिहिले होते, ते मला ठाऊक नव्हते.

झाले! गावात बोलणे सुरू झाले.

पारावर एक जण म्हणाला, "चार पोती सोयाबीन काय विकलं, गडी लई वर चालला."

दुसरा म्हणाला, "गावच्या शाळेत शिकून आम्ही काय मेलो का?"

फाट्यावर गाडीची वाट बघणाऱ्या एका बाईंनी विचारले, "भाऊ, तुमच्या घरी इंग्रजी कोणाला येतं? पोराचा अभ्यास कोण घेणार?"

गावच्या शाळेच्या बैठकीत एक बाप उठला. म्हणाला, "ऐपतवाले पोरं काढून नेतात. पट कमी झाला की मास्तराची जागा जाते. मग आमच्या पोरांनी काय करायचं?"

आणि आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या काकू. त्या दारात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाबा, पोराला मोटार आणि पोरीला पायवाट? दोघं एकाच आईची ना?"

मला सगळ्यांचा सारखाच राग आला. मी म्हटले, सगळे जळतात माझ्यावर. मी पारावर जायचे सोडले. काकूंशी बोलणे टाकले.

मंडळी, इथेच मी चुकलो. बोलणारे पाच होते, पण पाचांचे बोल एका मोलाचे नव्हते.

आपल्या बायका सुपात धान्य घेतात आणि पाखडतात. फोल उडून जाते, दाणा सुपात राहतो. लोकांचे बोलणेही तसेच पाखडावे. फोल आहे म्हणून कोणी सूपच उकिरड्यावर रिकामे करत नाही. आणि कोणी फोलासकट दळतही नाही.

पारावरच्या दोघांचे बोल फोल होते. त्यात माझ्या पोराचा विचार नव्हता. पण फाट्यावरच्या बाईंच्या बोलण्यात दाणा होता. घरी अभ्यास कोण घेणार, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. त्या बापाच्या बोलण्यातही दाणा होता. किती मुले, त्यावर किती शिक्षक, असा सरकारचा हिशेब असतो. मुले गेली की शिक्षक जातो. आणि काकूंचा दाणा तर सगळ्यांत जड होता. मी पोरीचा विचारच केला नव्हता. खरे बोलणे जास्त टोचते. म्हणून त्यांचाच राग मला जास्त आला.

लोकांच्या बोलण्याने काय होते, याची एक जुनी गोष्ट ऐका. जोतीराव फुले पुण्यातल्या फुलमाळ्याच्या घरातले. वडील गोविंदराव यांनी त्यांना शाळेत घातले. लोक म्हणाले, शिकून पोरगा बिघडेल, कामाचा राहणार नाही. गोविंदरावांनी ऐकले आणि पोराला शाळेतून काढले. जोतीराव मळ्यात काम करू लागले. पण शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांनी त्या पोराची हुशारी पाहिली. ते गोविंदरावांना म्हणाले, याला शिकवा. गोविंदरावांनी पुन्हा ऐकले. १८४१ साली जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. ती सरकारी शाळा नव्हती, मिशनऱ्यांची होती.

बघा, पहिलेही लोकच होते आणि दुसरेही लोकच होते. एकांच्या बोलण्याने शाळा सुटली. दुसऱ्यांच्या बोलण्याने शाळा मिळाली. पहिल्यांनी रीत पाहिली. दुसऱ्यांनी पोराकडे पाहिले. ही खूण ध्यानात ठेवा. जो आपल्या पोराकडे पाहून बोलतो, त्याचे ऐकावे.

पुढे १८४८ साली जोतीरावांनी पुण्याला भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तिथे शिकवायला जात. वाटेत लोक त्यांच्यावर शेण आणि दगड फेकत. १८४९ साली लोकांच्या दडपणामुळे गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. पण सावित्रीबाईंनी शिकवणे सोडले नाही. आज आपल्या लेकी शाळेत जातात, त्याचे मूळ तिथे आहे.

आता माझी गोष्ट पुरी करतो.

दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला. शाळेची फी थकली. गाडीचे पैसे थकले. मुलगा घरी येऊन गप्प बसू लागला. बापाला काही सांगेना. शेवटी बहिणीने त्याला बोलते केले. फी भरली नाही म्हणून त्याला वर्गाच्या दाराबाहेर उभे करत होते.

तरीही मी त्याला तिथून काढले नाही. दोन शेळ्या विकल्या. व्याजाने पैसे काढले. का? तर पारावरचे हसतील म्हणून. ज्या लोकांचे ऐकायचे नाही असे मी म्हणत होतो, त्यांच्याच भीतीने मी वागत होतो.

एका रात्री बायकोने विचारले, "पार हसेल म्हणून पोराला दाराबाहेर उभं करता का?"

मला उत्तर आले नाही.

त्याच रात्री आम्ही एक परीक्षा घेतली. मुलाला म्हटले, तुझे पुस्तक वाच. त्याने इंग्रजी धडा घडाघडा म्हटला. मला बरे वाटले. मग मुलीने मधल्याच एका शब्दावर बोट ठेवले. तिला शाळेत पहिलीपासून इंग्रजी होते. ती म्हणाली, हा शब्द वाच. त्याला वाचता येईना. त्याला सगळा धडा पाठ होता, अक्षराची ओळख नव्हती. मग तिने आपले मराठी पुस्तक पुढे केले. तेही येईना. मुलगा रडू लागला. मी अंगठेबहाद्दर, आणि माझ्या खर्चाने मी दुसरा अंगठेबहाद्दर तयार करत होतो.

सकाळी मी गावच्या गुरुजींकडे गेलो. मान खाली होती. त्यांनी एक शब्दही टोमण्याचा काढला नाही. मी म्हणालो, "गुरुजी, फी थकलीय. ते दाखला देत नाहीत." गुरुजी म्हणाले, "दाखला मागाहून येऊ दे. दाखल्यासाठी पोराला अडवायचं नाही, असा कायदा आहे. उद्या पाठवा." आणि वयाप्रमाणे त्याला दुसरीत बसवून घेतले. मग रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास जवळ घेऊन वाचायला शिकवले.

लोक हसले का? हसले. पंधरा दिवस हसले. मग गावात एकाची म्हैस हरवली आणि सगळा पार त्या म्हशीच्या मागे लागला. मंडळी, ज्या हसण्याच्या भीतीने मी शेळ्या विकल्या, ते हसणे पंधरा दिवसांचे होते. व्याज मात्र मी दोन वर्षे फेडले.

पण मी खासगी शाळेला वाईट म्हणायला उभा नाही. फाट्यावरच्या त्या बाईंची मुलगी त्याच शाळेत छान शिकते. बाई बारावी झालेल्या. रोज मुलीला घेऊन बसतात. घरात पगार येतो. शाळा तीच, पण घर वेगळे. म्हणून दुसऱ्याच्या घराचे माप आपल्या घराला लावू नये. आणि आपले त्यांच्या घराला लावू नये.

आणि खासगी शाळा एका तऱ्हेची नसते. काही शाळा संस्था चालवते आणि शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानातून होतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. तिने खेडोपाडी गरिबांच्या मुलांना शिकवले. तीही सरकारी संस्था नव्हे. दुसऱ्या काही शाळा अनुदानाशिवाय, फीवर चालतात. माझी मुलगी आता आठवीत आहे. ती तालुक्याच्या अनुदानाच्या हायस्कुलात, एस.टी.च्या मोफत पासावर जाते. तिचे नाव घातल्यावर मी आधी काकूंना सांगायला गेलो. काकू म्हणाल्या, "आता कसं!"

शाळा निवडायची झाली, तर एवढे करा.

पहिले, नवराबायकोने एकत्र बसून वर्षाचा खर्च मांडा. फी, गाडी, कपडे, बूट, वह्या, सहल, सगळे धरा. एक वर्ष पीक बुडाले तर काय, तेही मांडा. गावच्या शाळेत आठवीपर्यंत फी नाही, पुस्तके मोफत आणि दुपारचे जेवण मिळते, हेही मांडा.

दुसरे, शाळा डोळ्यांनी बघा. इमारत बघून परत येऊ नका. वर्ग बघा. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक हवा. त्या शाळेतल्या एखाद्या मुलाला नवे पान वाचायला द्या आणि अर्थ विचारा.

तिसरे, कागद वाचा. आता तुम्हाला वाचता येते. शाळेला सरकारची मान्यता आहे का, ते विचारा. फी किती, ती कधी वाढणार, ते लेखी घ्या. प्रत्येक पैशाची पावती घ्या.

चौथे, आपला हक्क ओळखा. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. प्रवेशासाठी शाळेने देणगी मागायची नाही. मुलाची किंवा आईबापाची परीक्षा घ्यायची नाही. मुलाला मारायचे नाही, त्याचा मानसिक छळ करायचा नाही. अनुदान नसलेल्या खासगी शाळेतही सुरुवातीच्या वर्गात १०० पैकी २५ जागा वंचित आणि गरीब घरच्या मुलांसाठी असतात. तिथे आठवीपर्यंत फी नाही. २०२४ साली महाराष्ट्रात नियम बदलून या जागांना कात्री लावली होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच साली तो बदल रद्द केला. या जागांचे अर्ज संगणकावर भरतात. मुदत कधी आहे, ते शाळेत विचारा.

एवढे करून जे ठरेल ते आपले. मग कोणी बोलले, तर भांडू नका. एवढेच म्हणा, "तुमचं बोलणं ध्यानात ठेवतो. आम्ही घरात विचार करून ठरवलंय." घरात दोघांचे एकमत असले, की बाहेरचा टोमणा उंबऱ्याच्या आत येत नाही. दुसऱ्याच्या शाळेला नावे ठेवू नका. आपल्या पोरासमोर तर मुळीच नाही. ज्या शाळेला आज नावे ठेवाल, तिच्या दारात उद्या जावे लागेल. मी गेलो आहे.

मुलगा दुसरीकडे घातला, तरी गावची शाळा टाकू नका. ग्रामसभेत तिच्या छपराचे, पाण्याचे, शिक्षकाचे विचारा. मुले तिथे असतील, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा. त्या समितीत चारांपैकी तीन जण पालकच असतात. तिथे तुमचा शब्द चालतो.

आणि चूक झाली असे कळले, तर मागे फिरा. वाट चुकलेला माणूस लोक बघतात म्हणून पुढेच चालत नाही.

शेवटचे एक सांगतो. उद्या तुमचा शेजारी आपल्या पोराला कुठल्याही शाळेत घालील. तेव्हा पारावर बसून बोलणारे आपणच असू. बोलायच्या आधी एवढे बघा, की आपण त्याच्या पोराकडे पाहून बोलतो, की त्याच्या टायकडे पाहून.

आज घरी गेलात की एक काम करा. पोराला जवळ घ्या. त्याच्या पुस्तकाचे मधलेच एक पान उघडा. एक ओळ त्याने वाचावी, एक ओळ तुम्ही वाचावी. तुम्ही अडखळलात तर त्याला हसू द्या. त्या हसण्याची लाज धरू नका.